आखणीच्या दिवसांतला प्रश्न

आमच्या घरात वर्षातले काही आठवडे कोणी कोणाला काही विचारत नसे. बोलणं बंद नसायचं. आत्या तर झोपेतही बोलायची. पण प्रश्न म्हणून काही तोंडातून काढायचा नाही, असा दंडक होता. ‘जेवायला वाढू का’ असं आई विचारत नसे, ‘जेवण झालंय’ एवढं सांगून जायची. चहा न विचारता यायचा, न विचारता थंड व्हायचा आणि न विचारताच परत जायचा. कारण पुढच्या पडवीत बाबा गणपतींचे डोळे काढत बसलेले असायचे. डोळे काढण्याला आमच्यात आखणी म्हणतात. पेणजवळच्या आमच्या जोह्यात तेव्हा आजच्यासारखे घरोघरी कारखाने नव्हते, आणि आम्ही ज्याला मोठ्या तोंडाने कारखाना म्हणायचो ती घराला जोडून काढलेली एक लांबडी पडवी होती. माती मळायला, मूर्ती पॉलिश पेपरने घासायला, अंगाचा रंग द्यायला माणसं असत. आखणी मात्र बाबांचीच. ब्रश टेकवला की भुवईपासून पापणीपर्यंत एका दमात रेघ यायची, आणि मातीचा गोळा एकदम आपल्याकडे बघायला लागायचा. त्या वेळी कोणी काही विचारलं तर माणूस मान वर करतो, आणि मान वर झाली की ब्रश घसरतो, असं साधं गणित होतं.

पण साध्या गणितावर भागवेल ती आमची आत्या कसली! ती बाबांची मोठी बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आली आणि सगळा कारखाना तिने मुठीत घेतला. तिच्याकडे या नियमामागची एक गोष्ट होती. आजोबा आखणीला बसलेले असताना दारातून कोणीतरी विचारलं, हा गणपती कोणाच्या घरचा? आजोबांनी मान वर केली आणि गणपतीचा उजवा डोळा तिरपा गेला. पुसून पुन्हा काढला तरी व्हायचं ते झालंच. वर्षाच्या आत आजोबांचा उजवा डोळा गेला. “त्योच डोळा गो, त्योच!” आत्या दर वेळी डोळ्यावर बोट ठेवून सांगायची आणि मी माझा उजवा डोळा झाकून घ्यायची. आजोबांना मोतीबिंदू झाला असणार हे मला लग्नानंतर, इथे रोह्यात सासऱ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा कळलं. पण शाळकरी पोरीला मोतीबिंदू कुठला माहीत असणार? मला एवढंच माहीत होतं, की प्रश्न विचारला की देव डोळा काढून घेतो.

आणि अशा घरातून मला घातलं कुठे, तर पेणला सिस्टरांच्या शाळेत. बाबा मूर्ती पोचवायला पेणला जात, तेव्हा त्यांनी त्या शाळेची पोरं ओळीने चालताना पाहिली होती. सगळ्यांची नखं कापलेली होती म्हणे. तेवढ्यावर त्यांचं ठरलं. रोज सकाळी मी एसटीने पेणला जायची. शाळेत ख्रिस्ती मुलं मोजकीच होती. बाकी आम्ही सगळी आगऱ्यांची, कुणब्यांची, मुसलमानांची, बाजारातल्या दुकानदारांची. आमच्या वर्गाला सिस्टर बेनेडिक्टा होत्या. वसईकडच्या, उंच, चालताना पांढऱ्या झग्याचा सपसप आवाज येणाऱ्या. आठवड्यातून एक तास त्या आम्हाला देवाविषयी शिकवायच्या. शिकवायच्या म्हणजे काय, तर टेबलावर एक वस्तू ठेवायच्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहायच्या. “बघा आणि सांगा, तुम्हाला कोणता प्रश्न पडतो?”

धरमतरच्या एका मुलाने एकदा मिठाचा खडा आणला होता, तोच टेबलावर ठेवला. समुद्रात मीठ कोणी टाकलं? देवाला खारट कळतं का? देवळात साखर वाटतात, मग मीठ का नाही? आम्ही काहीही विचारायचो आणि सिस्टर ते जसंच्या तसं फळ्यावर लिहायच्या. उत्तर द्यायच्या नाहीत. त्यातला एक प्रश्न उचलून घरी, देवळात, चर्चमध्ये, मशिदीत, मिठागरावर, जिथे जमेल तिथे विचारून यायचं आणि पुढच्या आठवड्यात कोण काय म्हणालं ते सांगायचं. सगळ्यांचं ऐकून झालं की त्या विचारायच्या, “मग आता तुला स्वतःला काय वाटतं?” माझ्या नातीच्या शाळेत हल्ली हेच काहीसं मोठं इंग्रजी नाव देऊन शिकवतात. नात मला ते समजावून सांगते आणि मी ‘हो का’ म्हणून ऐकून घेते. बाकीच्या पोरांना तो तास म्हणजे चंगळ वाटायची. मला मात्र त्या तासाच्या आदल्या दिवसापासून घाम फुटायचा, कारण तिथे न विचारणाऱ्याला सिस्टर हळूच म्हणायच्या, “सुमन, तुझ्या मनात काही नाही?”

मनात होतं ना! आमच्या पडवीत डोळ्यांशिवायच्या गणपतींच्या रांगा लागायच्या. त्यांच्यासमोरून जाताना मी भिंतीला चिकटून जायची. डोळे असलेल्या देवाचं निदान कळतं तरी, तो आपल्याकडे बघतोय की नाही ते. एका तासाला सिस्टरनी टेबलावर न पेटवलेली पणती ठेवली होती. त्यांनी माझं नाव घेतलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “डोळे काढायच्या आधी देवाला दिसतं का?” सिस्टरनी तो प्रश्न फळ्यावर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिला, की मला तो पुसून टाकावासा वाटला. “कोणाला विचारशील?” “बाबांना,” मी म्हटलं. पण घरी गेले तर आखणी सुरू झालेली. विचारायचं कसं? म्हणून प्रश्न पोटात ठेवला. आणि त्याच आठवड्यात मला बाबांचा हात दिसला.

आधी दिसला तो हात नव्हे, चहा. बाबा बशीतून चहा प्यायचे, फुर्र आवाज करत. आईने बशी द्यायची बंद केली. मग कप अर्धाच भरून यायला लागला. आमच्याकडे वालाचं बिरडं पातळ असायचं, बाबांना भातावर रस लागायचा. ते बिरडं एकदम घट्ट झालं. सकाळी सदऱ्याची बटणं आई लावायला लागली, तेही लाडाने लावतेय असं दाखवून. आई तशी लाडबीड करणाऱ्यातली नव्हती, त्यामुळे मी बघतच राहिले. बाबांचा उजवा हात थरथरत होता. पाणी पिताना, विडी पेटवताना, आणि सगळ्यात जास्त ब्रश मूर्तीजवळ नेताना. ते डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरायचे, रेघ काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. डोळे झालेल्या मूर्तींची रांग वाढेना आणि बिनडोळ्यांची कमी होईना. चतुर्थी जवळ येत होती. आईने बघितलं होतं, आत्याने बघितलं होतं, मातीवाल्या गड्यांनीही बघितलं होतं. आणि कोणी, कोणी म्हणजे कोणी, एक शब्द विचारत नव्हतं.

मला तर विचारायची गरजच नव्हती. मला कारण ठाऊक होतं. मी भर वर्गात देवाच्या डोळ्यांविषयी विचारलं होतं आणि देवाने आजोबांचा डोळा घेतला तसा आता बाबांचा हात घेतला होता. मी जेवेनाशी झाले. बाबा घरात आले की मी त्यांच्या हाताकडे बघायची आणि आपण बघतोय हे त्यांना दिसेल म्हणून लगेच दुसरीकडे. त्या दिवसांतली भीती मला आजही अंगभर आठवते. पुढे संसारात भिण्यासारखे पुष्कळ प्रसंग आले, पण तशी भीती पुन्हा वाटली नाही, कारण पुढच्या सगळ्या भीती मला कोणाला तरी सांगता आल्या.

त्यात भर म्हणून सिस्टरनी टेबलावर मदर मेरीची मूर्ती ठेवली. माझ्या बाकावर लुसी बसायची. रेवदंड्याकडची मुलगी, पेणला मावशीकडे राहायची, आणि तिच्या तोंडाला ब्रेक नव्हता. तिने विचारलं, “हिचे डोळे खाली का?” कोणी म्हणालं लाजते, कोणी म्हणालं बाळाकडे बघते. मग लुसीच म्हणाली, “सुमनचे बाबा देवाचे डोळे काढतात, त्यांना माहीत असेल.” सिस्टरांचा चेहरा उजळला. दोन दिवसांनी पेणच्या बाजारात त्यांनी बाबांना गाठलं आणि विचारलं, “भाऊ, मुलांना घेऊन तुमच्याकडे येऊ का?” बाबा हो म्हणाले. हात असा झालेला असताना ते हो का म्हणाले, याचा मी आयुष्यभर विचार करत आले आहे. मास्तरणीला नाही कसं म्हणायचं, हा एक भाग असेल. पण मला वाटतं, कोणीतरी बाहेरच्याने येऊन बघावं असं त्यांना वाटत असावं.

आत्याने घर डोक्यावर घेतलं. “ऐन आखणीत शाळा आणतोस? ती पोरं इचारल्याबिगर रव्हतील काय?” स्वतःच प्रश्न विचारला हे लक्षात येऊन तिने जीभ चावली आणि मोर्चा माझ्याकडे वळवला. “सुमे, तुझ्या शिस्टरला सांग. यायचं, बघायचं, जायचं. तोंड उघडायचं नाय.” मी दुसऱ्या दिवशी चाचरत सिस्टरांना सांगितलं. त्यांनी अर्थातच विचारलं, “का?” माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. त्यांनी वर्गाला सांगितलं, “तिथे आपण पाहुणे आहोत. प्रश्न मनात धरायचे. बाहेर आल्यावर विचारू.” लुसीला त्यांनी वेगळं उभं करून पुन्हा सांगितलं. लुसीने मान हलवली. तिच्या मान हलवण्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

ते आले तेव्हा पाऊस लागून राहिला होता. दाराशी चपलांचा आणि छत्र्यांचा ढीग झाला. आत्याने गोणपाटं अंथरून सगळ्यांना बसवलं आणि ओठांवर बोट ठेवून समोर उभी राहिली. स्वयंपाकघरात आईचा स्टोव्ह फरफरत होता, पोहे चालले होते. सिस्टर सगळ्यांच्या मागे गोणपाटावर मांडी घालून बसल्या. बाबांनी एक लहानशी मूर्ती पुढ्यात घेतली. त्यांच्या मागे बिनडोळ्यांचे गणपती दाटीवाटीने उभे होते आणि समोर माझा अख्खा वर्ग, सगळ्यांचे डोळे बाबांच्या हातावर. बाबांनी ब्रश बुडवला, डाव्या हाताने मनगट धरलं आणि ब्रश मूर्तीच्या तोंडाजवळ नेला. तो तिथे थरथरला. त्यांनी मागे घेतला. पुन्हा नेला. कौलांवरून गळणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता. मी खाली बघत गणपतीला आणि मदर मेरीला, जो कोणी मोकळा असेल त्याला, हात जोडून म्हणत होते की आज एवढा एक डोळा सरळ येऊ दे, मी पुन्हा कधी काही विचारणार नाही.

“काका, तुमचा हात का थरथरतोय?”

लुसीच होती. खोडी नव्हती तिच्या आवाजात. पडलेल्या पोराला लागलं का विचारावं तसं तिने विचारलं होतं. सिस्टर अर्ध्या उठल्या. आत्याचा हात हवेत गेला. मी डोळे घट्ट मिटले, कारण आता ब्रश घसरणार, डोळा तिरपा होणार आणि मग काय होणार ते मला माहीत होतं. पण ब्रश घसरल्याचं काही कळेना. डोळे उघडले तर बाबांनी तो पाण्याच्या डब्यात ठेवला होता आणि ते लुसीकडे बघत होते.

“काय म्हाईत, बाय,” ते म्हणाले. “मला पण ठावं नाय.”

“दुखतो का?”

“नाय. दुखत नाय.” मग म्हणाले, “भ्या वाटतं.”

बाबांना भीती वाटते हे मी पहिल्यांदा ऐकलं. आत्या लुसीवर धावून जाणार होती, तिला बाबांनी अडवलं. “अक्का, पोरीला काय बोलू नको. तू बघितलं व्हतंस ना?” आत्याने मान हलवली. “मग इचारलंस का नाय?” आमची आत्या, सगळ्या जोह्याला गप्प करणारी, पदर तोंडाला लावून म्हणाली, “आन तू व्हय म्हणाला असतास तर? मग मी काय केलं असतं?” दारात पोह्यांचं ताट घेऊन उभी राहिलेली आई रडत होती. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं आणि घरातलं प्रत्येक माणूस एकेकटं घाबरून बसलं होतं.

पोरांना मोठ्यांच्या रडण्याचं फार वेळ काही वाटत नाही. पोहे फिरले आणि एकेकाचं तोंड उघडलं. सोंड कधी उजवीकडे का? उंदीर कोण करतं? मेरीचे डोळे खाली का असतील? बाबा प्रत्येकाला सांगत होते. मेरीचं म्हणाले, “लेकरू मांडीवर आसंल तर आई वर कशाला बघंल?” पोहे खाताना त्यांच्या हातातून पोहे सांडत होते आणि त्यांनी ते लपवलं नाही. मी मात्र कोपऱ्यात तशीच बसले होते. वर्ग परत निघाला तेव्हा एसटीच्या थांब्यापर्यंत मी सिस्टरांबरोबर गेले आणि छत्रीखाली कसंबसं विचारलं, “मी वर्गात तो प्रश्न विचारला, म्हणून बाबांचा हात असा झाला का?”

मला वाटलं आता त्या म्हणणार, कोणाला विचारशील? तुला काय वाटतं? सिस्टर चिखलातच खाली वाकल्या, झगा भिजला तरी, आणि माझे दोन्ही खांदे धरून म्हणाल्या, “नाही. सुमन, नाही. हे कोणाला विचारायला जायची गरज नाही.” त्या पूर्ण वर्षात सिस्टरांनी मला दिलेलं हे एकमेव उत्तर. मी तिथेच एवढी रडले, की एसटीचा कंडक्टर घंटी मारायची सोडून बघत राहिला.

बाबांना पेणच्या डॉक्टरांकडे नेलं, मग अलिबागला नेलं. जिवाला धोका नव्हता, पण हात पूर्वीसारखा होणार नाही असं सांगितलं. गोळ्यांनी फार फरक पडला नाही. राहिलेल्या मूर्तींचं काय करायचं हा प्रश्न होता, आणि तो या वेळी घरात सगळ्यांसमोर विचारला गेला. बाबांनी ब्रश आत्याच्या हातात दिला. तिची रांगोळीची रेघ सरळ होती एवढाच तिचा आखणीशी संबंध. ती नको नको म्हणत बसली आणि मग त्या पडवीत जे सुरू झालं ते ऐकायला शेजारची माणसं यायची. “हितून वळवू काय? एवढी जाड पुरे? अरे, बुबुळ मोठं झालं काय?” आत्या एका डोळ्यामागे दहा प्रश्न विचारायची आणि बाबा शेजारी बसून सांगायचे. त्या वर्षीच्या आमच्या गणपतींचे डोळे जरा मोठे आले. रोह्याच्या एका गिऱ्हाइकाने तसं बोलून दाखवलं, तर आत्या म्हणाली, “मंग? देवाला नीट दिसायला नको?” माझ्या फळ्यावरच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच काय ते आमच्या घरातून मिळालं. आजोबांची गोष्ट मात्र तिने त्यानंतर कधी सांगितली नाही.

हे सगळं आता लिहायला बसले, त्याला कारण आहे. गेले काही महिने माझा चहा अर्ध्या कपात येतो. मुलाने माझ्यासाठी जड बुडाचा मग आणला, छान दिसला म्हणून आणला म्हणाला. संध्याकाळी समईत तेल घालायचं माझं काम नातीने काढून घेतलं. आमच्या रोह्याच्या घरात आखणी नाही, कारखाना नाही, कसला दंडक नाही. तरी कोणी काही विचारत नाही. मीही दोन्ही हातांनी मग धरते आणि पेपर वाचत असल्यासारखं करते. रोज वाटतं आज विचारतील, आणि विचारतील म्हणूनच कोणी जवळ आलं की हात पदराखाली घेते.

काल सकाळी सुनेने चहा आणून ठेवला. मी म्हटलं, “मेघा, अर्धाच का गं?”

ती ओढणीशी चाळा करत उभी राहिली. “सांडतो ना, आई.”

“कधीपासून बघतेस?”

“गौरी-गणपतीपासून.”

“मग विचारलं का नाहीस?”

तिचे डोळे भरून आले. ती काय म्हणणार ते मी जोह्याच्या पडवीत ऐकलेलं होतं, म्हणून तिला बोलायला लावलं नाही. म्हटलं, “मलाही भीती वाटते. बस इथे.”

ती बसली. माझा हात तिने दोन्ही हातांत घेतला, थरथर थांबते का ते बघितलं, ती थांबली नाही. मग तिने विचारलं, “दुखतो का?”